दुसऱ्याचं सोनं

जीव जडला म्हणून कुणी गलाईच्या धंद्यात आला, असं माझ्या ऐकण्यात नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून बसली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना तिथं नेऊन बसवलं दुष्काळानं. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर गावातल्याच एका थोराड माणसाच्या मागं कलकत्त्याला आले. हावड्याला उतरले तेव्हा त्यांना बंगाली येत नव्हतं, हिंदी जेमतेम, आणि सोनं म्हणाल तर आजीच्या डोरल्यातल्या मण्यांपलीकडं पाहिलेलं नव्हतं. बौबाजारात एका जिन्याखालच्या खोलीत, भट्टीसमोर बसून ते शिकले. तीच गादी आता मी चालवतो.

काम सांगायला सोपं आहे. कारागीर किंवा सराफ मोड घेऊन येतो: तुटक्या बांगड्या, जुने हार, कधी नुसती कानस मारताना पडलेली पूड. ती मुशीत घालायची, वर सवागी टाकायची, वितळवायची, लगड ओतायची, टंच काढायचा. शुद्ध सोनं हवं असेल तर त्यात उलट आणखी चांदी मिसळायची. सोन्याचा वाटा साधारण चौथाईवर आला की पातळ करून तेजाबात उकळायचं. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी तपकिरी भुकटी राहते. ही भुकटी सोनं आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. धुऊन पुन्हा वितळवली की मग पिवळा रंग उजळतो. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत काढायची. जमिनीवरचा केर, हात पुसलेलं फडकं, मुशीचे फुटके तुकडे, काही टाकायचं नाही. त्यातही कण असतो. एवढं सगळं केल्यावर जे हातात येतं ते आपलं नसतंच. आपली फक्त मजुरी.

माझा पुतण्या इथंच जन्मला, इथंच शिकला. त्याचं बंगाली माझ्या मराठीपेक्षा चांगलं आहे. कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवरून तो धंद्याची पुस्तकं आणतो आणि वाचून झाली की माझ्या गल्ल्यावर ठेवतो, म्हणजे काकांनी वाचावीत. दुपारी तीनच्या सुमारास बाजार जरा थंड असतो, तेव्हा मी वाचतो. सायमन सिनेकचं एक पुस्तक आहे, २००९ चं. त्यात म्हटलंय की आपण काय करतो यापेक्षा का करतो ते आधी सांगा. पुतण्यानं एकदा वडिलांनाच विचारलं होतं, ‘आजोबा, आपल्या धंद्याचा ‘का’ काय?’ वडील तेव्हा हयात होते. म्हणाले, ‘पाऊस पडला नाही.’

सेथ गोडिन यांचं जांभळ्या गायीचं पुस्तक २००३ चं. माल असा अजब हवा की लोकांनी त्याबद्दल बोललंच पाहिजे, हा त्याचा गाभा. साबण विकणाऱ्याला हे ठीक आहे. गलाईवाल्याबद्दल बाजारात लोक बोलायला लागले, तर त्यानं शटर ओढून गावची गाडी पकडावी. आमच्या दुकानाला पाटी आहे, पण ती वाचून कुणी येत नाही. घाटाल-दासपूरकडचा एक कारागीर दुसऱ्याला सांगतो, ‘मराठी दादाकडे जा, घट कमी लागते,’ एवढीच जाहिरात. गंमत अशी की त्याच दासपूरची पोरं मुंबईच्या झवेरी बाजारात दागिने घडवायला जातात आणि आमच्या खानापूरची पोरं इकडं येतात.

डिझाइनवरचं डॉन नॉर्मन यांचं पुस्तक मात्र मला मनापासून आवडलं. १९८८ सालचं आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे माणसाला कळलं नाही, तर दोष माणसाचा नाही, दाराचा, असं ते म्हणतात. हे वाचताना मला वडिलांनी केलेली बैठक आठवली. गिऱ्हाइकाची पाटावरची जागा त्यांनी अशी ठरवली होती की त्याला मूस, तराजू आणि गाळणाऱ्याचे दोन्ही हात एकाच नजरेत दिसावेत. गाळणाऱ्याला पाठ फिरवायची वेळच येऊ नये म्हणून चिमटे, सवागीची डबी, ओतायचा साचा सगळं हाताच्या अंतरावर. तराजूला काचेची पेटी, वाऱ्यासाठी. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, त्याचे आकडे दोन्ही बाजूंना दिसतात. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं वडील कुणाला म्हणाले नाहीत. विश्वास ठेवायची गरजच पडू नये, अशी ती मांडणी होती. १६ जून २०२१ पासून सरकारनं हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा केला, बावीस कॅरेटवर ९१६ चा शिक्का आला, कॅरेट सांगणारी यंत्रं आली. तरी मोड आणणारा कारागीर अजून त्या पाटावरच बसतो आणि मुशीवरून नजर काढत नाही.

इथपर्यंत पुस्तकांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘पॅशन’वर. स्टीव्ह जॉब्सनं २००५ साली स्टॅनफर्डच्या पोरांना सांगितलं की ज्यावर प्रेम आहे तेच काम शोधा, सापडेपर्यंत थांबू नका. तेव्हापासून हे वाक्य इतक्या तोंडांतून फिरलं आहे की नोकरीच्या जाहिरातीतही उमेदवाराकडं पॅशन मागतात. कॅल न्यूपोर्ट नावाच्या लेखकानं २०१२ मध्ये याच्या उलट लिहिलं: आधी हात बसू द्या, आवड मागून येते. हे मला पटतं, कारण हे मी घरात पाहिलंय. वडिलांना लगडीचा नुसता रंग पाहून टंच कळायचा आणि तो बरोबर निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर येणारं समाधान पगाराचं नव्हतं. पण आवड आधी की मागून, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पहिला प्रश्न आपल्याकडं फार जुना आहे. काम जीव लावून करायचं आणि फळावर हक्क सांगायचा नाही, हे गीतेनं सांगितलं; ते एकाच माणसाला एकाच वेळी जमतं का?

टिळक १९०६ साली शिवाजी उत्सवासाठी या शहरात आले होते. पुढं मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ मध्ये छापून आलं. त्याचा सगळा भर यावर की ज्ञान झाल्यावरही माणसानं कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी करत राहावं. आमच्या घरी मात्र वाचलं जायचं ते विनोबांचं ‘गीता प्रवचने’. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं, ते पुस्तक. विनोबांनी त्यात एक बारीक गोष्ट धरली आहे. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड लागते. त्या जोडीला ते विकर्म म्हणतात. मन नसलेलं काम त्यांच्या हिशेबी पोकळ. म्हणजे निष्काम माणूस हा बेफिकीर माणूस नव्हे. फळाकडं धावणारं मन अर्धं भविष्यात असतं. ते तिथून काढलं की सगळं हातातल्या कामात येतं, म्हणून निष्काम माणसाचं काम उलट जास्त नेटकं होतं, असं त्यांचं म्हणणं.

इथंच मला एक फट दिसते आणि विनोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो. फळाची इच्छा सोडली की काम चांगलं होतं, काम चांगलं झालं की फळ मोठं येतं. ठीक. मग मोठं फळ हवं म्हणून इच्छा सोडणारा माणूस कुठल्या खात्यात धरायचा? पुतण्याच्या पुस्तकांत असा माणूस पानोपानी आहे. निकालाचा विचार सोडा, प्रक्रियेवर लक्ष द्या, विक्री आपोआप वाढेल. त्यानं गीता वाचली आहे आणि तिचं तात्पर्य व्याजासकट वसूल केलं आहे. आपण खरंच सोडलं की सोडल्याचा आव आणला, हे त्या माणसाला स्वतःला तरी कसं कळावं? मन तपासून कळत नाही, मन आपल्या बाजूनंच साक्ष देतं. फळ प्रत्यक्षात दुसऱ्याच्या घरी जातं तेव्हाच काय ते उघडं पडतं.

या शहराच्या इतिहासात अशा वेळा बऱ्याच आहेत, आणि त्या नेमक्या धंद्याच्याच आसपास आहेत. हेमेंद्रमोहन बोस नावाचे गृहस्थ इथं कुंतलीन नावाचं केसांचं तेल आणि देलखोश नावाचं अत्तर विकायचे. त्यांनी १८९६ मध्ये कथास्पर्धा सुरू केली. अट अशी की कथेत कुंतलीन आणि देलखोशचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. आजचे मार्केटिंगवाले जे नव्यानं शिकवतात ते त्यांनी तेव्हा करून ठेवलं होतं. (आपल्याकडं शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये कारखान्याचं माहितीपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ काढलं आणि त्याचं पुढं मराठीतलं एक मोठं मासिक झालं, तो त्याच जातीचा प्रकार.) पहिल्या वर्षीचं बक्षीस मिळालं जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. समुद्रात वादळ उठतं, आणि तेलाची एक बाटली ओतल्यावर ते शमतं, अशी काहीशी ती विज्ञानकथा. तेलाची जाहिरात करायला जगदीशचंद्रांना कमीपणा वाटला नाही. आदल्याच वर्षी, १८९५ मध्ये, याच माणसानं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली होती आणि दारू उडवली होती, आणि त्या शोधांतून पैसा करायला मात्र त्याची तयारी नव्हती. १९०४ चं अमेरिकेतलं पेटंट मित्रमंडळींनी आग्रह केला म्हणून निघालं आणि त्यानं ते वापरलं नाही. तेल विकायला मदत करावी, शोध विकू नये. ही रेघ त्यानं कुठं आणि कशी मारली असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो.

१९०३ साली याच स्पर्धेत ‘मंदिर’ नावाच्या कथेला बक्षीस मिळालं. लेखक म्हणून नाव होतं सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय. कथा होती त्यांच्या भाच्याची, शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची. ब्रह्मदेशाला निघण्यापूर्वी त्यांनी ती मामाच्या नावानं दिली होती. त्यांना नावाची फिकीर नव्हती की धीर नव्हता, कोण जाणे. दोन्ही असू शकतं.

प्रफुल्लचंद्र रायांबाबत मात्र शंकेला जागा नाही. १८९२ मध्ये अप्पर सर्क्युलर रोडच्या भाड्याच्या घरात, सातशे रुपये भांडवलावर त्यांनी औषधं करायला घेतली; १९०१ मध्ये त्यातूनच ‘बेंगॉल केमिकल’ ही लिमिटेड कंपनी झाली. प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक सोडियम फॉस्फेट करण्यासाठी राजाबाजारच्या खाटकांकडून हाडं आणायचा आणि गच्चीवर वाळत घालायचा. पावसानं ती कुजली, घाण सुटली, शेजारी तक्रार घेऊन आले. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. औषधं तयार झाली तरी बाजारातले दुकानदार ती घेईनात, विलायती लेबलच हवं. तेव्हा अमूल्यचरण बोस नावाच्या डॉक्टर मित्रानं डॉक्टरांमध्ये त्यांचा प्रसार केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, तसलीच ही विलायती लेबलाची अडचण. एवढं उभं केल्यावर १९२१ मध्ये, साठी पूर्ण होताना, प्रफुल्लचंद्रांनी आपला विद्यापीठातला पुढचा सगळा पगार रसायनशास्त्रासाठी विद्यापीठालाच देऊन टाकला आणि सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत राहिले.

त्याच कंपनीत १९०३ मध्ये राजशेखर बसू नोकरीला लागले आणि पुढं तिचे व्यवस्थापक झाले. रसायनशास्त्रज्ञ, कोशकार, महाभारताचे आणि गीतेचे अनुवादक. आणि ‘परशुराम’ या नावानं बंगालीतले एक पहिल्या प्रतीचे विनोदी लेखक. त्यांची पहिली गोष्ट १९२२ मध्ये आली, ‘श्रीश्रीसिद्धेश्वरी लिमिटेड’. काही लोक मिळून देवीचं मंदिर बांधण्यासाठी जॉइंट स्टॉक कंपनी काढतात. प्रॉस्पेक्टस छापतात. भक्त किती येतील, दक्षिणा किती पडेल, बळीच्या बकऱ्यांपासून काय सुटेल, सगळा हिशेब त्यात. पुढाकार घेणारा माणूस संन्याशी वळणाचा, फळाची आसक्ती नसलेला. शेअर्सचे पैसे जमले की तो विरक्तीनंच बाजूला होतो. दिवसा एका सचोटीच्या कंपनीची खातेवही पाहणाऱ्या माणसानंच हे लिहावं, यात मला नवल वाटत नाही. बनावट प्रॉस्पेक्टस कुठं खोटं बोलतं हे खरं प्रॉस्पेक्टस लिहिणाऱ्यालाच कळणार.

ही गोष्ट मी पुतण्याला सांगितली तेव्हा तो हसला नाही. भट्टीकडं बोट करून म्हणाला, ‘काका, त्याला सांगा ना, फळाची आशा धरू नको म्हणून.’

भट्टीवर आमचा आटपाडीकडचा पोरगा होता. तेजाब उकळताना जो लालसर-तपकिरी धूर निघतो तो आमच्या धंद्यात सगळ्यांनी खाल्ला आहे, वडिलांनी, मी, आणि आता तो. तेव्हा खोकत होता. पुतण्या बोलत राहिला. तुमची गीता अर्जुनाला सांगितली तेव्हा राज्य अर्जुनाच्या घरात येणार होतं. स्वधर्म, विहित कर्म हे शब्द ज्यांच्या वाट्याला मैला आला त्यांनाही शेकडो वर्षं ऐकवले गेले. ऐकवणारे कोण होते? आणि माझ्या पुस्तकांना तुम्ही हसता, पण ती निदान त्याला सांगतात की हे आवडत नसेल तर उठ.

याला माझ्याकडं तिथल्या तिथं उत्तर नव्हतं. रात्री हिशेब लिहून झाल्यावर जे सुचलं ते असं. निष्काम कर्म हे वाक्य फक्त स्वतःशी बोलायचं आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याच्या कामाचं फळ आहे, त्यानं ते दुसऱ्याला सांगितलं की त्याच क्षणी ते सिद्धेश्वरी लिमिटेडचं प्रॉस्पेक्टस होतं. कृष्णाला सांगता आलं, कारण त्याला त्या राज्यातलं काही घ्यायचं नव्हतं. तो लगाम धरून बसला होता. मालकाला ती सोय नाही. आणि हाच नियम पुस्तकवाल्यांच्या पॅशनलाही लावायला हवा. जॉब्स स्वतःबद्दल बोलला तोवर ते खरं असेल. पण पगार देणारा पगार घेणाऱ्याकडं पॅशन मागतो, तेव्हा तो जादा तास फुकटात मागत असतो. विरक्ती शिकवणारा मालक आणि आवड शिकवणारा मालक यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांचाही डोळा एकाच पेटीवर.

पुतण्याला हे सांगितलं. म्हणाला, ‘मग धूर काढायचं बघू.’ तेजाबाच्या भांड्यावर आता हूड बसवला आहे, धूर पाण्यातून धुऊन बाहेर जातो. खर्च झाला. त्यातल्या त्यात वाईट एवढंच की हूडमुळं गिऱ्हाइकाच्या पाटावरून भांडं नीट दिसेना. मग हूडला काच लावून घेतली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, जी कुठल्या पुस्तकात मला आढळली नाही. पोरगा गावाकडून येतो, काही वर्षं भट्टीवर काढतो, टंच काढायला शिकतो, आणि मग स्वतःचं दुकान टाकतो. पहिला तराजू, थोडं भांडवल आणि दोन-चार सराफांची ओळख मालकानं द्यायची. वडिलांना तशीच मिळाली होती. गलाई देशभर पसरली ती अशी, एकातून एक सुटत. बहुधा तो दुसऱ्या शहरी जातो, सिलिगुडी, गुवाहाटी, रांची, म्हणजे सगळ्यांचं निभतं. आटपाडीच्या पोरानं मात्र बौबाजारातच, आमच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. ‘मालक, इथलीच माणसं ओळखीची हायत,’ म्हणाला. खरंच होतं. मी तराजू दिला, पैसे दिले, उद्घाटनाला जाऊन नारळ फोडला. त्याची बैठक पाहिली. पाट बरोबर जागी होता आणि भांड्यावर पहिल्या दिवसापासून हूड होता.

आता दुपारी तीनला बाजार थंड असतो तेव्हा मी चहाला त्या गल्लीतून जातो. आमच्या बाजूलाही चहा मिळतो. त्याच्या पाटावर कोण बसलंय हे मला रस्त्यावरूनच दिसतं, आणि दासपूरच्या कारागिरांपैकी कोण कोण तिकडं वळलं याची नावं मला पाठ आहेत.